फौजी, मास्तरीण आणि दक्षिणेच्या खिडक्या

बनिफात्सीच्या घरातली सगळ्यांत चांगली खोली बटाट्यांची आहे.

तसं म्हटलं तर एप्रिलमध्ये आमच्या दुब्रोवा गावात घरोघरी हीच तऱ्हा. माणसं स्वयंपाकघरात भट्टीच्या उबेला, एकमेकांची कोपरं खात झोपतात, आणि बियाण्याचे बटाटे बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर उन्हात ऐसपैस पडलेले असतात. या दिवसांत कुणाकडे गेलं, की यजमान दारातच हळू आवाजात सांगतो, "आत नको हां, आत बटाटे आहेत." जणू आत बाळंतीण निजली आहे. पाहुणाही आवाज खाली आणून विचारतो, "कसे आहेत?"

"डोळे उघडलेत."

"बरं झालं."

एवढंच. "छान आहेत हो" असं म्हणायचं नाही, दृष्ट लागते. माझी बायको तेक्ला एकदा चुकून म्हणून गेली, तर त्या घरच्या बाईने तिच्याकडून डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू करून घेतलं, आणि मगच चहा दिला.

पण इतरांकडे बटाटे हे महिनाभराचे पाहुणे. बनिफात्सीचं घरच मुळी त्यांच्यासाठी बांधलेलं. आमच्या गावात खिडक्या रस्त्याकडे असतात. कारण उघड आहे. कोण कुठे निघालं, पिशवीत काय घेऊन निघालं, हे दुसरं कळणार कसं? मी रस्त्याच्या ज्या बाजूला राहतो तिथे रस्ताही दिसतो आणि ऊनही येतं. बनिफात्सीच्या बाजूच्या घरांचं तोंड उत्तरेला. त्यांना रस्ता दिसतो, ऊन नाही. तरीही दोन्हींतून एक निवडायचं झालं तर कुठलाही शहाणा माणूस रस्ताच निवडेल. बनिफात्सीने घर बांधताना रस्त्याकडे एक नावापुरती खिडकी ठेवली आणि परसाकडे, दक्षिणेला, तीन भल्यामोठ्या खिडक्या काढल्या. माझे वडील तेव्हा होते. ते कुंपणावरून ओरडले, "अरे बनिफात्सी, मागच्या बाजूने काय कोंबड्या बघणार?"

"मला नाही बघायचं," तो म्हणाला. "बटाट्यांना ऊन लागतं."

त्यानंतर तो दिवसभर काही बोलला नाही. बनिफात्सीला बोलता येतं, पण ती गोष्ट तो फारशी वापरत नाही. आयुष्यभर तो दलदलीतलं पाणी काढायला चर खणणाऱ्या यंत्रावर होता. त्या यंत्राचा आवाज असा, की शेजारी कुणी बोललं तरी ऐकू यायचं नाही. मग बोलून करायचं काय? सवय सुटली.

तरुणपणी फौजेतली चाकरी संपवून तो दूर उत्तरेहून परत आला, तेव्हा इतर पोरांनी आणल्या होत्या फरच्या टोप्या. याने आणले बटाटे. तिकडच्या कुठल्या म्हातारीने दिलेले ते मूठभर बटाटे वाटेत गारठू नयेत म्हणून ओव्हरकोटाच्या अस्तरात शिवून आणले होते. स्टेशनवर आई मिठी मारायला गेली तर हा ओरडला, "आई, हळू! कोंब मोडतील!" त्या वाणाला गाव तेव्हापासून 'फौजी' म्हणतं. गोल, पिवळट, उशिरा तयार होणारा, पण तळघरात वसंत येईपर्यंत छाती काढून उभा राहणारा. किसून द्रानिकी, म्हणजे बटाट्याची धिरडी, थापायला त्याच्यासारखा दुसरा नाही.

त्याची बायको मरिल्या मोठ्या जिभेची आणि मोठ्या मनाची होती. "या घरात मी धाकटी," ती सांगायची. "थोरल्या आत उन्हात बसल्यात." ती गेल्यावर त्या घरात बोलणारं कुणी उरलं नाही. उरलं ते मांजर. त्याचं नाव जनरल. ते इतकं लठ्ठ, की भट्टीच्या उबदार माथ्यावर चढायला त्याला स्टूल लागतं, आणि ते स्टूल बनिफात्सी नेमाने ठेवतो.

आता यादविगाबद्दल. ती बनिफात्सीची शेजारीण. घर त्याच रांगेतलं, म्हणजे तोंड उत्तरेला. आणि मागच्या बाजूला तिच्या कैलासवासी नवऱ्याने हौसेने एवढी मोठी ओसरी बांधून ठेवलेली, की उन्हाला आत यायचं तर वाकून यावं लागतं. गायींच्या गोठ्यावर तिने जन्म काढला. त्यामुळे बोलणं स्पष्ट आणि पकड घट्ट. तिच्याकडचा वाण 'मास्तरीण'. फार वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या एका शाळामास्तरणीने तिच्या आईला निरोपाची भेट म्हणून दिलेला. हाही गोल, पिवळटच. पण लवकर येणारा, उकडला की फुटून हसणारा. वर लोणी आणि शेपू टाका आणि गप्प बसा.

एका वसंतात यादविगाच्या अंधाऱ्या खोलीतल्या बटाट्यांना कोंब फुटले ते पांढरे, लांब, दोऱ्यासारखे. उजेडात कोंब बुटका, जाड, रंगीत येतो. अंधारात तो उजेड शोधत लांबत जातो आणि हात लावला की तुटतो. बनिफात्सी काही मागायला गेला होता. त्याने पेटीत डोकावून पाहिलं आणि त्या वर्षातलं सर्वांत मोठं वाक्य बोलला.

"शेजारीणबाई, हे बटाटे आहेत की लोकरीची लड? पुढच्या वर्षी माझ्या खिडकीत आणा."

तेव्हापासून तीन खिडक्यांपैकी दीड खिडकी फौजीची आणि दीड मास्तरणीची. मध्ये एक फळी उभी. दोघांत मिसळ होऊन चालत नाही, एक आधी निघतो, एक नंतर. एका सरीत लावले तर एकाला खणताना दुसऱ्याचं पोट फाडावं लागतं. यादविगा दर दोन-चार दिवसांनी येऊन आपल्या बटाट्यांची कूस बदलायची, पाणी शिंपडायची, आणि "येते शेजारी" म्हणून निघायची. दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत. इतकी वर्षं शेजारी, तरी तुम्ही. तेक्ला दुकानात म्हणायची, "बटाट्यांनी एका खोलीत संसार मांडला, आणि यांचं अजून अहोजाहो!"

यंदा जानेवारीत यादविगा विहिरीपाशी बर्फावर घसरली. मनगट मोडलं. बनिफात्सीने तिला उचलून आणलं, माझी घोडी माल्विना बर्फावरच्या स्लेजगाडीला जोडून मी आणि तेक्लाने तिला दवाखान्यात नेलं. परत आलो तर तिच्या दारापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून बनिफात्सीच्या दारापर्यंत, पाय घसरू नये म्हणून, भट्टीतली राख पसरलेली. त्यानंतर हिवाळाभर रोज सकाळी ताजी राख, आणि दाराशी पाण्याच्या दोन बादल्या. दार न वाजवता ठेवलेल्या.

पण ग्रोदनो शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीला, रेनाताला, राख दिसत नव्हती. तिला दिसत होतं आईचं प्लास्टरमधलं मनगट. पोरगी गुणी आहे, काळजीने बोलत होती. मार्चच्या शेवटी, बटाटे खिडकीत मांडून आठवडा झाला नसेल, तेवढ्यात तिचा फोन आला. ईस्टरला येते आणि तुला कायमची घेऊन जाते.

यादविगा दुकानात सांगत होती, "आठव्या मजल्यावर खोली आहे. लिफ्ट आहे. भिंतीला फुलाफुलांचा कागद चिकटवलाय." ऑपरेशनची तारीख सांगावी तशी सांगत होती. बनिफात्सी पाव घ्यायला आला होता. तो पाव न घेताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी यादविगा आमच्याकडे आली. "जरा मदतीला चला. माझे बटाटे आणायचेत. रेनाताचा शहराबाहेर जमिनीचा तुकडा आहे, तिथे लावीन म्हणते. आईचा वाण आहे, मोडायला नको. माझ्या हाताने पेट्या उचलत नाहीत." मी आणि तेक्ला तिच्याबरोबर गेलो.

बनिफात्सी दारातच उभा होता. टोपी हातात, आणि टोपीचा पार चोळामोळा.

"शेजारीणबाई, घोटाळा झालाय."

"कसला?"

"मिसळलेत."

"काय मिसळलंय?"

"फौजी. आणि मास्तरीण. मांजराने पेट्या पाडल्या."

आम्ही आत गेलो. मधली फळी काढून भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. पेट्यांमध्ये बटाटे ओळीने बसले होते, एकूण एक, डोळ्यांची बाजू वर करून. आणि गुन्हेगार भट्टीवर घोरत होता.

तेक्लाने कमरेवर हात ठेवले. "या जनरलने पाडल्या?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि मग परत उचलून, डोळे वर करून, ओळीत बसवले कुणी?"

"मी."

"मग तेव्हाच वेगळे नाही केलेत?"

"ओळखू नाही आले," बनिफात्सी म्हणाला. त्याचे कान बीटासारखे झाले होते. जनरलने एक डोळा उघडला, आपल्यावर आलेला आळ ऐकून घेतला, आणि पुन्हा मिटला.

मी तेक्लाला कोपर मारलं. यादविगाने चष्मा काढून खांद्यावरच्या शालीच्या टोकाने पुसला, परत घातला, एक बटाटा उचलून उजेडात फिरवून पाहिला, ठेवला. दुसरा उचलला, फिरवला, ठेवला. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "खरंच. दोघं अगदी सारखे. कोंब रंगावर आल्याशिवाय नाही सांगता यायचं."

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फौजीचा कोंब उजेडात हिरवा होतो, मास्तरणीचा जांभळा. पण त्याला तीन-चार आठवडे लागतात, आणि ईस्टर तर आलाच होता.

त्या संध्याकाळी तिने रेनाताला फोन केला. यादविगाचा फोनवर विश्वास नाही, म्हणून ती तो लांब धरून मोठ्याने बोलते. अख्ख्या आळीने ऐकलं.

"ईस्टरला नको येऊस. बटाटे मिसळलेत."

पलीकडून रेनाता काहीतरी बोलली.

"मिसळलेत म्हणजे मिसळलेत! कोंबांना रंग यायला हवा."

"आई, अगं दुकानात बटाटे मिळतात!" हे आम्हाला इकडे ऐकू आलं.

यादविगा आवाज खाली आणून म्हणाली, "रेनाता, असलं फोनवर बोलू नये. कुणी ऐकेल."

पुढचे आठवडे यादविगा रोज येऊ लागली. आधी दोन-चार दिवसांनी यायची, आता रोज. कारण आता सगळेच बटाटे निम्मे तिचे होते ना! बनिफात्सीने तीनही खिडक्या व्हिनेगरच्या पाण्याने धुतल्या. त्याने दाढी केली. रविवार नसताना. बर्चच्या खोडातून गोडसर रस काढायचे दिवस होते. त्याने परसातल्या झाडाखाली बरणी लावली आणि रोज तिच्यासाठी ग्लासभर काढून ठेवू लागला. मी त्याचं कुंपण दुरुस्त करायच्या निमित्ताने त्या बाजूला असायचो. कुंपण बरंच खराब झालं होतं, आणि दुरुस्तीनंतर ते जास्त खराब दिसू लागलं.

"अजून टोक पांढरंच आहे," आतून यादविगाचा आवाज यायचा.

"हं."

"घाई करून चालायचं नाही."

"मी कुठे घाई करतोय?"

"तुम्हाला नाही हो, मी बटाट्याला सांगतेय."

मग ग्लास ठेवल्याचा आवाज. एकदा तर बनिफात्सी आपण होऊन बोलला. ओव्हरकोटाच्या अस्तरातल्या बटाट्यांची गोष्ट त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. ती गोष्ट यादविगाला पाठ होती, तरी ती मध्येमध्ये "मग?" म्हणत होती. मी हातोडी खाली ठेवली. असा बनिफात्सी मी पाहिला नव्हता.

पण कोंब थांबत नाहीत. ते कुणाच्या मनाप्रमाणे वाढत नाहीत. बनिफात्सीच्या तर नाहीच. एका सकाळी त्याने स्वतःच खिडकीचे पडदे ओढून घेतलेले मी पाहिले. त्या खिडक्यांना पडदे असतात हेच आम्हाला त्या दिवशी कळलं. आयुष्यभर बटाट्यांना ऊन देणारा हा माणूस, त्या दिवशी त्यांनी जरा दमाने घ्यावं म्हणून अंधार करत होता. तासाभराने त्याचं त्यालाच बघवलं नाही. पडदे पुन्हा बाजूला झाले.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी रेनाता गाडी घेऊन आली. कोंब नखाएवढे, जाड, आणि अगदी नि:संशय रंगाचे झाले होते. हिरवा तो हिरवा, जांभळा तो जांभळा. आता सबब नव्हती. आम्ही सगळे खोलीत जमलो. यादविगा बुटक्या स्टुलावर बसली, म्हणजे जनरलच्याच. तिच्या एका बाजूला रेनाताने आणलेली नवी टोपली, दुसऱ्या बाजूला बनिफात्सीची जुनी. बनिफात्सी दाराच्या चौकटीला टेकून उभा. त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

यादविगा वेचू लागली. जांभळा, नव्या टोपलीत. हिरवा, जुन्या टोपलीत. जांभळा. हिरवा. हिरवा. मनगट आता बरं झालं होतं. कोंबाला धक्का न लावता ती एकेक असा ठेवत होती, जसं अंडं घरट्यात परत ठेवावं.

रेनाता खिडकीशी उभी राहून परसात बघत होती. "आई, ही राख कसली गं? तुझ्या दारापासून इथपर्यंत चांगली वाट झालीय."

"राख," यादविगा म्हणाली. "भट्टीतली."

"ते दिसतंय. टाकली कुणी?"

यादविगा पुन्हा टोपलीवर वाकली. रेनाता चौकटीत उभ्या असलेल्या बनिफात्सीकडे वळली आणि जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

दर वर्षी काही बटाटे आंधळे निघतात. डोळे असतात पण उघडत नाहीत. कोंबच येत नाही. पेट्या रिकाम्या होत आल्या तसे हे आंधळे तळाशी उरले. यादविगाने त्यातला एक उचलला आणि नव्या टोपलीत ठेवला. दुसरा उचलला, जुन्या टोपलीत. तिसरा, जुन्या. चौथा, नव्या. हात क्षणभरही अडखळला नाही.

चौकटीला टेकलेला बनिफात्सी सरळ झाला.

"थांबा," तो म्हणाला. "त्याला कोंब कुठे आहे?"

"नाही आहे. आंधळा आहे."

"मग तो मास्तरीण आहे हे कसं कळलं?"

यादविगाचा हात थांबला. आपण काय करून बसलो ते तिच्या लक्षात आलं. मान वर न करता ती म्हणाली, "डोळ्यांवरून. मास्तरणीचे डोळे खोल असतात. फौजीचे वरवर, बटबटीत. मी लहानपणापासून सोलतेय, मला नाही कळणार?"

"म्हणजे तेव्हाही..." बनिफात्सी म्हणाला. "पहिल्याच दिवशी..."

"पहिल्या दिवशी मला चष्म्यातून नीट दिसलं नाही."

"तुम्ही चष्मा पुसला होता!" तेक्ला ओरडली. तिला कोपर मारायला मी विसरलो होतो.

जनरलसुद्धा जागा झाला. यादविगाचा चेहरा जांभळा, बनिफात्सीचे कान लाल. कुणाला कुठल्या टोपलीत ठेवावं कळेना. शेवटी रेनाता आईपुढे उकिडवी बसली.

"आई, खरं सांग. बटाटे घेऊन निघायचंय का आपल्याला?"

यादविगाने नव्या टोपलीकडे पाहिलं. "कोंब फुटलेला बटाटा गाडीतून नेतात का कुठे? रस्ता बघितलास? ग्रोदनो येईपर्यंत एक कोंब जागेवर राहणार नाही."

"मग?"

"मग इथेच लावायला हवेत. लावले की भर घालायला हवी, किडे वेचायला हवेत. मग सप्टेंबरात काढायचे. मध्येच कसं सोडून येणार?"

"बटाट्यांसाठी?"

"बटाट्यांसाठीच! नाहीतर दुसरं कशासाठी?" असं म्हणून ती उठली आणि खांबासारख्या उभ्या बनिफात्सीकडे वळली. "आणि तू काय नुसता बघत उभा राहिलायस? धर ती टोपली!"

तू!

तेक्लाने माझा दंड असा दाबला की निळा डाग चार दिवस होता. बनिफात्सीने टोपली धरली. नवी की जुनी, हे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

बर्चला उंदराच्या कानाएवढी पानं फुटली, तेव्हा आम्ही लावणी केली. आमच्याकडे एकट्याने कुणी बटाटे लावत नाही. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, अख्खी आळी टोपल्या घेऊन येते. रेनाता नवऱ्याला घेऊन आली, शहरातले पांढरे बूट घालून, आणि दुपारपर्यंत ते बूट आमच्यासारखे झाले. मी माल्विनाला नांगराला जोडून सरी धरली. मागून बायका एकेक बटाटा कोंब वर करून ठेवत होत्या. "हळू गं, नाक मोडशील त्याचं!" "माझ्या नवऱ्याचं एवढं जपून नाही ठेवलं कधी!" असं चाललं होतं. लावणीनंतर यादविगाच्या परसात जेवण. मागच्या वर्षीच्या शेवटच्या फौजीची द्रानिकी, वर दाट साय, खारवलेली काकडी, आणि बरणीतलं कडक जे काही असतं ते.

त्या दोघांची शेतं शेजारशेजारी आहेत, मध्ये पूर्वीपासून हातभर रुंद गवताचा बांध. मी फौजीच्या सऱ्या संपवून बांधापाशी आलो आणि घोडीला थांबवलं.

"बनिफात्सी, बांध ठेवू की नांगरू?"

तो माझ्याकडे न बघता यादविगाकडे बघू लागला. यादविगा वाकलेली होती, ती तशीच म्हणाली, "बांध कशाला? जागा वाया जाते. दोन सऱ्या बसतील."

"फौजीच्या की मास्तरणीच्या?" तेक्लाने विचारलं.

"एक एक. आणि मिसळले तर या वेळी मांजराचं नाव नको," यादविगा म्हणाली.

माल्विनाने बांध नांगरला. त्या घोडीला इतकी वर्षं तिथे वळायची सवय, ती सारखी मागे बघत होती.

संध्याकाळी रेनाता निघाली. आईला गाडीच्या खिडकीतून बजावत होती, हिवाळ्यात मात्र माझ्याकडे यायचं, बर्फात एक दिवसही इथे राहायचं नाही, कबूल? यादविगा गाडीच्या दारावरची माती पुसत होती. बनिफात्सी तिच्यामागे उभा होता, हाताला माती. रेनाताने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हीही या. खोली मोठी आहे."

बनिफात्सीने खूप वेळ विचार केला. गाडीचं इंजिन सुरू होतं, नवरा घड्याळ बघत होता. शेवटी तो खाली वाकला आणि गंभीरपणे म्हणाला,

"त्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे?"

"दक्षिणेला."

त्याने मान डोलावली, आणि गाडी गेल्यावर कितीतरी वेळ आठव्या मजल्याएवढ्या उंचीवर कुठेतरी बघत उभा राहिला.